भौतिकशास्त्र विभागातील अध्यापन प्रयोगशाळा कशी सांभाळावी

विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत प्रॅक्टिकल सुरू झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत कोणत्या तरी टेबलावरून "सर, रीडिंग येत नाही" अशी हाक येतेच. या तक्रारीमागे एक तर उपकरण बिघडलेले असते किंवा विद्यार्थ्याची जोडणी, जुळवणी अथवा वाचनाची पद्धत चुकलेली असते. उपकरण बिघडले असेल तर ते तत्काळ बदलून द्यावे लागते. चूक विद्यार्थ्याची असेल, तर ती त्याला स्वतःला सापडेल एवढीच दिशा द्यायची असते, कारण त्याच शोधासाठी ते तीन तास ठेवलेले असतात. हे निदान दोन-तीन मिनिटांत आणि खात्रीने करता येणे हे प्रयोगशाळा सहायकाचे मुख्य काम आहे, असे माझे मत आहे, आणि त्याची तयारी सत्र सुरू होण्याच्या कितीतरी आधी करावी लागते. पुढील विवेचन प्रामुख्याने नव्याने रुजू झालेल्या सहायकांसाठी आहे. प्रॅक्टिकलची जबाबदारी प्रथमच अंगावर आलेल्या तरुण प्राध्यापकांनाही ते उपयोगी पडावे.

सत्रापूर्वी: यादी, संच आणि क्रमांक

अभ्यासक्रमातील प्रयोगांची यादी हाती आल्यावर प्रथम प्रत्येक प्रयोगाचे किती संच चालू स्थितीत आहेत हे पाहावे. वीस विद्यार्थ्यांची बॅच आणि दोघांचा एक गट धरला, तर एका वेळी दहा टेबले लागतात. दहाही टेबलांवर एकच प्रयोग मांडण्याइतकी उपकरणे बहुतेक विभागांकडे नसतात, म्हणून प्रयोगांचे चक्र लावावे लागते आणि प्रत्येक गट दर आठवड्याला पुढच्या टेबलावर सरकतो. चक्र लावताना एक पथ्य पाळावे: वेळ खाणारे प्रयोग एकाच दिवशी एकत्र येऊ देऊ नयेत. लीच्या तबकडीने उष्णतावाहकता काढणे, अर्धवाहकाचे तापमान वाढवत चार टोकांच्या प्रोबने रोध मोजणे आणि गायगर-म्युलर गणित्राचे (किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राचे) प्रयोग एकाच बॅचला आले, तर सहायकाला तिन्हीकडे एकाच वेळी उभे राहता येत नाही.

त्यानंतर प्रत्येक संचाला क्रमांक द्यावा आणि तो संचातील सुट्या भागांवरही घालावा. 'स्पेक्ट्रोमीटर ३' या संचाचे प्रिझम, ग्रेटिंग (बारीक समांतर रेषा आखलेली काच) आणि भिंग हे सर्व '३' क्रमांकाचेच असले पाहिजेत. हे क्षुल्लक वाटते, परंतु दोन न्यूटन रिंग संचांची भिंगे एकदा अदलाबदल झाली, की वक्रता-त्रिज्येची सगळी उत्तरे चुकतात आणि कारण शोधण्यात आठवडे जातात. डेड स्टॉक रजिस्टरमधील, म्हणजे विभागाच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीतील, क्रमांक वेगळा असतो. तोही उपकरणावर हवा, मात्र रोजच्या वापरासाठी लहान आणि दुरून दिसणारा क्रमांक वेगळा असावा.

प्रत्येक संचाची स्वतःची वही

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे. सत्र सुरू होण्यापूर्वी सहायकाने प्रत्येक प्रयोग प्रत्येक संचावर स्वतः करून पाहावा आणि मिळालेली वाचने त्या संचाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. प्राध्यापकांकडे असलेली नमुना वाचने यासाठी पुरेशी नसतात, कारण ती बहुधा एका चांगल्या संचावर कधीतरी घेतलेली असतात. वहीत अंतिम उत्तर लिहून भागत नाही. वाटेतले असे एखादे वाचन हवे, की जे दोन मिनिटांत पुन्हा घेऊन पडताळता येईल.

न्यूटन रिंगचे, म्हणजे सपाट काचेवर ठेवलेल्या भिंगाखाली दिसणाऱ्या काळ्या-उजळ वलयांचे, उदाहरण घेऊ. भिंगाची वक्रता-त्रिज्या १०० सेंमी आणि प्रकाश सोडियमचा, म्हणजे सरासरी ५८९.३ नॅनोमीटरचा असेल, तर दहाव्या काळ्या वलयाचा व्यास सुमारे ४.८५ मिमी भरला पाहिजे. विद्यार्थ्याचे उत्तर भलतेच आले, तर सहायकाने सूक्ष्मदर्शकातून दहावे वलय गाठून व्यास मोजावा. तो जुळत असेल, तर उपकरण निर्दोष आहे. विद्यार्थ्याने वलये मोजताना चूक केली असेल, किंवा सूक्ष्मदर्शक एकाच दिशेने सरकवण्याऐवजी पुढेमागे केल्यामुळे स्क्रूचा बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रूचे थोडे मोकळे फिरणे) वाचनात शिरला असेल. कधी मध्यभागी काळ्याऐवजी उजळ ठिपका दिसतो आणि विद्यार्थी संच बदलून मागतो. भिंग व काच यांच्यामध्ये धुळीचा कण अडकल्यामुळे असे होते. काच पुसून द्यावीच, परंतु व्यासांच्या वर्गांतील फरक घेतल्यास हे जास्तीचे अंतर गणितातून निघून जाते आणि उत्तर तरीही बरोबर येते, ही गोष्ट त्या विद्यार्थ्याच्या नजरेस अवश्य आणून द्यावी. आलेखाची रेषा आरंभबिंदूतून का जात नाही, हे मग त्याला आपोआप उमगते.

ग्रेटिंगचे पडताळणी-वाचन आणखी सोपे आहे. इंचाला १५,००० रेषा असलेल्या ग्रेटिंगने सोडियमची पहिल्या श्रेणीची रेषा सरळ दिशेपासून सुमारे २० अंश २२ मिनिटांवर दिसते. दोन्ही बाजूंचे कोन एकमेकांपासून ठळकपणे वेगळे आले, तर ग्रेटिंग आपाती किरणाला लंब नाही असे समजावे; ती जुळवणी विद्यार्थ्याची आहे. दोन्ही बाजू जुळतात, मात्र कोनच वेगळा आहे, असे झाल्यास ग्रेटिंगची अदलाबदल झाली आहे का, ते क्रमांकावरून पाहावे.

यांत्रिकीच्या प्रयोगांतही हेच करता येते. एक मीटर लांबीच्या एकसारख्या पट्टीचा दंड-लंबक घेतला, तर त्याचा किमान दोलनकाल सुमारे १.५३ सेकंद असतो आणि तो मध्यापासून साधारण २९ सेंमी अंतरावरच्या छिद्राशी मिळतो. येथे एक गमतीची अडचण नेहमी येते. विद्यार्थ्यांच्या डोक्यात ९८१ हा आकडा शाळेपासून घट्ट बसलेला असतो, परंतु मुंबईच्या अक्षांशावर गुरुत्व त्वरण सेकंद-वर्गाला सुमारे ९७८.६ सेंमी आहे आणि पुण्यात उंचीमुळे ते किंचित आणखी कमी आहे. म्हणजे ९७८ उत्तर आणणारा विद्यार्थी अचूक असतो आणि ९८१ आणणाऱ्याने वाचने उत्तराकडे ओढली असण्याची शक्यता असते. स्थानिक मूल्य भिंतीवर लावू नये. वहीत ठेवावे आणि जर्नल तपासणाऱ्या प्राध्यापकांना कळवावे.

वहीत आणखी तीन नोंदी असाव्यात: उपकरणाचे लघुतम माप आणि शून्य त्रुटी, यापूर्वी काय बिघडले व कसे दुरुस्त झाले, आणि संचातील कोणता भाग मूळचा नसून बदललेला आहे. सहायक रजेवर गेला किंवा निवृत्त झाला, तर त्याचे ज्ञान विभागात उरते ते याच वहीत.

प्रॅक्टिकलच्या दिवशी

विद्यार्थी येण्यापूर्वी किमान अर्धा तास प्रयोगशाळा उघडावी. सोडियमचा दिवा सुरुवातीला त्यातील निऑनमुळे लालसर-गुलाबी दिसतो आणि पूर्ण पिवळा व्हायला पाच ते दहा मिनिटे घेतो. पाऱ्याचा दिवा एकदा बंद झाला, की थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा कोणी चुकून बटण बंद केले तर काही मिनिटे थांबण्याखेरीज इलाज नसतो. वारंवार बटण दाबल्याने दिवा लवकर लागत नाही, आयुष्य मात्र घटते. लीच्या तबकडीसाठी पाणी आधीच उकळत ठेवावे, कारण स्थिर तापमान येण्यातच एक तास सहज जातो.

किती मांडून ठेवायचे आणि किती विद्यार्थ्यावर सोडायचे, हा प्रश्न नाजूक आहे. सर्व काही जुळवून दिले, तर प्रयोग केवळ आकडे उतरवून घेण्यापुरता उरतो. काहीच जुळवले नाही, तर पहिल्या वर्षाचा गट तीन तास फटीची प्रतिमाच शोधत बसतो. मी स्वतः हा नियम पाळत आलो आहे: ज्या जुळवणीचे भौतिकशास्त्र विद्यार्थ्याने शिकायचे आहे ती मोडून ठेवावी आणि केवळ यांत्रिक कसरत असलेली जुळवणी करून ठेवावी. त्यानुसार स्पेक्ट्रोमीटरचे टेबल समतल करून द्यावे, पण शुस्टरच्या पद्धतीने समांतर किरण मिळवण्याचे काम विद्यार्थ्याकडे ठेवावे. मायकेल्सनच्या इंटरफेरोमीटरमध्ये मात्र पदवीच्या विद्यार्थ्यासाठी पट्टे जवळजवळ दिसतील इथपर्यंत आरसे आणून ठेवावेत, अन्यथा प्रयोग होतच नाही. पदव्युत्तर वर्गाला तेही करू द्यावे.

विद्युत प्रयोगांतील बिघाड शोधण्याचा क्रम

इलेक्ट्रॉनिक्स आणि विद्युत प्रयोगांत तक्रारी सर्वांत जास्त येतात, आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ महागड्या उपकरणात नसून तारेत असते. म्हणून तपासणीचा क्रम स्वस्तापासून महागाकडे असावा. आधी जोडतारा आणि बीएनसी केबल मल्टिमीटरच्या 'बझर'वर तपासाव्यात. केबल हलवत तपासावी, कारण आतून तुटलेली तार सरळ धरल्यावर जुळते आणि वाकवल्यावर सुटते. सदोष केबल पुन्हा त्याच खणात टाकू नये. तिचे टोक तिथेच कापून ती दुरुस्तीच्या डब्यात टाकावी, नाहीतर पुढच्या बॅचला तीच केबल पुन्हा टेबलावर येते.

त्यानंतर मीटर पाहावेत. मल्टिमीटर व्होल्ट दाखवतो आणि करंट दाखवत नाही, अशी तक्रार आली, तर आतला फ्यूज उडालेला असण्याची शक्यता सर्वांत मोठी असते. कोणीतरी मीटर करंटच्या स्थितीत ठेवून तो समांतर जोडलेला असतो. त्याच क्षमतेचा फ्यूज घालावा. तारेचा तुकडा घालून काम चालवणे धोक्याचे आहे, आणि तसे केलेले मीटर जुन्या कपाटांत हमखास सापडतात. रोधपेटीत चुकीचे मूल्य येत असेल, तर पितळी प्लग सैल बसले आहेत किंवा त्यांवर काजळी धरली आहे असे समजावे. पोटेन्शिओमीटरच्या तारेवर जॉकी (तारेला टेकवायचे धातूचे टोक) घासत नेल्याने तार काही ठिकाणी बारीक होते आणि मग समान लांबीवर समान विभव-उतार राहत नाही. जॉकी उचलून टेकवण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी.

कॅथोड रे ऑसिलोस्कोपच्या बाबतीत एक दोष इतका नेहमीचा आहे, की त्यावर थोडे थांबणे योग्य ठरेल. सिग्नल जनरेटर आणि ऑसिलोस्कोप या दोघांचेही काळे टोक तिसऱ्या पिनमधून अर्थिंगला जोडलेले असते. विद्यार्थी एकसरीत जोडलेल्या रोध, प्रवर्तक व धारित्र यांपैकी मधल्या घटकावरचे व्होल्टेज पाहण्यासाठी काळी चिमटी परिपथाच्या मध्यावर लावतो, आणि तिथून पुढचा सगळा परिपथ अर्थिंगमधून शॉर्ट होतो. पडद्यावर काहीतरी दिसते, पण ते त्या परिपथाचे नसते. ज्या घटकावरील व्होल्टेज पाहायचे तो जनरेटरच्या काळ्या टोकाकडे आणावा, किंवा दोन चॅनेलांवर दोन टोके घेऊन फरक पाहावा. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून ऑसिलोस्कोपच्या प्लगची अर्थिंग पिन काढून टाकतात. तसे कदापि करू नये; त्यामुळे उपकरणाच्या धातूच्या पेटीवर विद्युतदाब येऊ शकतो.

अनुनादाच्या प्रयोगात १० मिलिहेन्री आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतल्यास अनुनाद ५ किलोहर्ट्झच्या आसपास मिळतो; हे झाले पडताळणी-वाचन. वारंवारता जुळते, परंतु गुणता-गुणांक (अनुनाद किती तीव्र आहे हे सांगणारा आकडा) गणिताच्या निम्म्याहूनही कमी येतो, असे विद्यार्थी सांगतात. उदाहरणार्थ ५० ओहमचा रोध घेतला तर गणिताने सुमारे ६.३ यायला हवे. जनरेटरचा अंतर्गत रोध बहुधा ५० ओहम असतो आणि वेटोळ्याचाही स्वतःचा काही रोध असतो, तो सर्व धरल्यावर आकडा तिनाच्याही खाली जातो. उपकरणात दोष नाही. अशा ठिकाणी संच बदलून देणारा सहायक विद्यार्थ्याच्या हातातून प्रयोगाचा सर्वांत शिकण्यासारखा भाग काढून घेतो.

हॉल परिणामाच्या प्रयोगात विद्युतचुंबकाचा प्रवाह हळूहळू शून्यावर आणूनच पुरवठा बंद करावा, कारण मोठ्या वेटोळ्याचा प्रवाह अचानक तोडल्यास उच्च विद्युतदाब निर्माण होतो आणि पुरवठा-यंत्र जळू शकते. चुंबकीय क्षेत्र शून्य असतानाही प्रोबवर थोडे व्होल्टेज दिसते. ते संपर्कांच्या स्थानातील फरकामुळे असते व प्रत्येक वाचनातून वजा करायचे असते. जर्मेनियमचा स्फटिक ठिसूळ असतो, म्हणून प्रोब हाताळण्याचे काम पहिल्या वेळी सहायकाच्या देखरेखीखाली व्हावे.

प्रकाशीय भाग आणि पावसाळा

भिंग किंवा प्रिझम पुसण्यापूर्वी रबरी फुग्याने धूळ उडवावी, कारण धुळीसकट पुसल्यास ओरखडे पडतात. नंतर लेन्स-कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन एकाच दिशेने पुसावे. ग्रेटिंग आणि पुढच्या पृष्ठावर धातूचा थर असलेले आरसे यांना कापड, कागद किंवा बोट काहीही लावू नये. त्यांची धूळ फक्त फुंकरफुग्याने काढावी आणि तोंडाने फुंकू नये, कारण लाळेचे थेंब उडतात.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा काळ प्रकाशीय उपकरणांच्या कसोटीचा असतो. दमट हवेत नेत्रिकेच्या आत बुरशीचे जाळे धरते आणि ते काचेवर कायमचे डाग सोडते. नेत्रिका, प्रिझम व ग्रेटिंग घट्ट झाकणाच्या डब्यांत सिलिका जेलसह ठेवावेत. निळे जेल गुलाबी झाले, की ओलावा शोषण्याची त्याची क्षमता संपली असे समजून ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसला तापवून ते पुन्हा वापरावे. स्थिरविद्युताची प्रात्यक्षिके या महिन्यांत नीट होत नाहीत, त्यामुळे चक्र लावतानाच ती हिवाळ्याकडे ढकलावीत.

सुरक्षितता

प्रत्येक ओळीतील सॉकेटांना ३० मिलिअॅम्पिअरचे गळती-संरक्षक (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारे साधन) बसवलेले असावे आणि त्याचे चाचणी-बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. लेसरचा किरण बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत येऊ नये, त्याचा शेवट काळ्या पुठ्ठ्यावर व्हावा आणि प्रयोग करणाऱ्याने घड्याळ व अंगठ्या काढून ठेवाव्यात. हेलियम-निऑन लेसरच्या नळीला हजार व्होल्टहून अधिक दाब लागतो, म्हणून तिची पेटी प्रयोगशाळेत उघडू नये. पाऱ्याचा तापमापक फुटल्यास झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. खिडक्या उघडून, हातमोजे घालून, पुठ्ठ्याने थेंब गोळा करून ते बंद बाटलीत ठेवावेत आणि फटींत गंधकाची पूड टाकावी. शक्य तिथे असे तापमापक बदलून टाकणे हेच श्रेयस्कर.

किरणोत्सारी स्रोत लहान असले तरी त्यांची स्वतंत्र नोंदवही, कुलूपबंद पेटी आणि दर वेळी देवाणघेवाणीची सही आवश्यक आहे. येथे पडताळणी-वाचनाचा आणखी एक पैलू दिसतो. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल सुमारे ५.२७ वर्षे असल्याने दहा वर्षांपूर्वीच्या स्रोतात मूळ क्रियाशीलतेच्या साधारण २७ टक्केच उरते. सीझियम-१३७ मध्ये, ज्याचा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षे आहे, तेवढ्याच काळात जवळपास ७९ टक्के उरते. गणना कमी झाली म्हणून गणित्राला दोष देण्यापूर्वी हा हिशेब करावा.

खरेदी, नोंदी आणि निर्लेखन

खरेदीचे दरपत्रक मागवताना तांत्रिक तपशील सहायकाने स्वतः लिहून द्यावा, कारण रोज हाताळणाऱ्यालाच काय तुटते हे माहीत असते. 'स्पेक्ट्रोमीटर, एक नग' असे लिहिल्यास सर्वांत स्वस्त वस्तू येते. लघुतम माप, दोन व्हर्नियर, सुटे भाग मिळण्याची हमी आणि स्वीकारण्यापूर्वी प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवण्याची अट लिहावी. अंबाल्यात आणि इतरत्र तयार होणारी साधी उपकरणे अध्यापनासाठी पुरेशी असतात. प्रत्येक नग तपासून घेतला, एवढेच पथ्य.

जुनी उपकरणे निर्लेखित करताना, म्हणजे नोंदीतून कमी करून काढून टाकताना, घाई करू नये. २०१० साली दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील अनेक वर्षे वापरात नसलेले गॅमा विकिरण यंत्र लिलावातून भंगारात गेले, मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले गेले आणि आतील कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा मृत्यू झाला. आत काय आहे हे माहीत असलेले कोणी विभागात उरले नाही, की असे घडू शकते. म्हणून निर्लेखनाच्या यादीतील प्रत्येक वस्तूपुढे पारा, किरणोत्सारी स्रोत किंवा मोठे धारित्र आहे का, हा रकाना असावा. किरणोत्सारी वस्तू अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसारच बाहेर जावी. चांगली भिंगे, स्क्रू, टर्मिनल आणि रोहित्रे काढून ठेवण्यासाठी समितीची लेखी परवानगी घ्यावी, कारण तेच सुटे भाग पुढची पाच वर्षे संच चालू ठेवतात.

विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा

परीक्षेपूर्वी आठवडाभर सर्व संचांवर पडताळणी-वाचने नव्याने घ्यावीत आणि त्यांची एक प्रत बहिःस्थ परीक्षकांना द्यावी, म्हणजे विद्यार्थ्याचे उत्तर पुस्तकातील आकड्याशी न ताडता त्याच संचाच्या आकड्याशी ताडले जाते. प्रत्येक दोन-तीन प्रयोगांमागे एक राखीव संच जुळवून बाजूला ठेवावा. परीक्षेत संच बदलावा लागल्यास वेळ आणि संचाचा क्रमांक उत्तरपत्रिकेवर लिहून परीक्षकांची सही घ्यावी व विद्यार्थ्याला वाया गेलेला वेळ वाढवून मिळेल असे पाहावे. परीक्षा संपल्यावर उपकरणे कपाटात जाण्यापूर्वी, बिघाड ताजे आठवत असतानाच, प्रत्येक वहीत दुरुस्तीची नोंद करावी आणि लागणाऱ्या सुट्या भागांची यादी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी विभागप्रमुखांकडे द्यावी. जूनमध्ये दिलेल्या मागणीचे सामान पहिले सत्र अर्धे उलटल्यावरच हाती पडते.